अंगठा

ईरी शहरात, लॉन्ड्री आणि किल्ल्या बनवणारा यांच्या मधोमध
माझं दुकान. सरोवरावरून वारा सुटला
की दाराची घंटा उगाच वाजते,
गिऱ्हाईक नसतं.

काचेखाली डावीकडे जुनी कार्डं.
पुठ्ठा, नुसता पुठ्ठा, पिवळा पडलेला,
च्युइंगगमची पट्टी जिथे चिकटून बसायची
तिथे अजून मेणचट डाग.
उजवीकडे नवी:
जरा हलवली की इंद्रधनुष्य सांडतं,
एखाद्याच्या पोटात जर्सीचा नखाएवढा तुकडा,
कोपऱ्यात आकडा, पंचविसांतलं सातवं.
पाकिटातून निघतात ती थेट प्लास्टिकच्या पेटीत,
वर शिक्का, दहापैकी दहा.
माणसाचा अंगठा ठाऊकच नाही त्यांना.

मी डावीकडचा. लपवत नाही.

डिशॉन उजवीकडचा. चौदा वर्षांचा.
पिझ्झाच्या दुकानात खोकी दुमडून जमवलेले डॉलर
शनिवारी घेऊन येतो, एकच पाकीट घेतो,
आणि फाडण्याआधी
डोळे मिटून थांबतो जरासा.
लॉटरी आहे ही, पोरा, मी म्हणतो.
मग तुमच्या वेळी काय असायचं, मिस्टर गोर्स्की?
गम असायचं.
चव कशी होती?
पुठ्ठ्यासारखी.

मार्चमध्ये व्हर्ना ट्रॅप आली,
बुटांचं खोकं छातीशी धरून.
भावाचं. रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात
चाळीस वर्षं काढली त्याने, नोव्हेंबरात गेला.
मी भिंग लावून एकेक पाहत गेलो.
रबरबँडने कंबर आवळलेली,
एकाला टाचणीचं भोक,
आणि एक, सायकलच्या आऱ्यांत फडफडून फडफडून
चारही कोपरे झिजून गोल झालेलं:
मिल्ट बर्नाकी, शॉर्टस्टॉप.
फलंदाजीची सरासरी दोनशे अकरा.
दोन मोसम खेळला, मग कुठे गेला
ते त्याचं त्याला माहीत.
पाठीवर शिसपेन्सिलीने संघाचं नाव खोडलेलं,
दुसऱ्या संघाचं लिहिलेलं,
तेही खोडून तिसऱ्याचं,
आणि सगळ्यात खाली, कागद फाटेस्तोवर दाबून:
तरी माझाच.

किती येतील याचे?
बाजारात, मी म्हणालो, कपभर कॉफीसुद्धा नाही.
तिने मान डोलावली,
जणू मी उद्याचं हवामान सांगितलं.

डिशॉन शेजारीच उभा होता. त्या दिवशी
त्याला लागलं होतं ते एक:
जगात एकच छापलेलं.
एकोणीस वर्षांचा पिचर, निळ्या शाईत सही.
दोन हजार डॉलर, मी मनात म्हटलं,
खांदा टिकला तर.
खांदे टिकत नाहीत, हे मी बोललो नाही.

त्याने बर्नाकी उचलला, हुंगला,
गोल कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.
"किती हात लागलेत याला," म्हणाला,
आणि माझ्याकडे पेन्सिल मागितली.

माझ्या पोटात खड्डा पडला.
पेन्सिलीचं टोक त्या चकाकत्या कार्डाच्या पाठीवर
बोटभर उंचीवर अडून राहिलं.
मग त्याने ती कानावर खोवली, कार्ड पेटीत सारलं.
पोरगा आहे तो, खुळा नाही.
पुढच्या शनिवारी कळलं, विकलं.
आईच्या गाडीचा गिअरबॉक्स गेला होता.
पेन्सिल मात्र परत आली नाही.

व्हर्ना खोकं ठेवून गेली. बर्नाकी तेवढा
हातमोज्यात घालून घेऊन गेली.

त्या रात्री दुकान बंद करताना
मी उजवीकडचं एक पाकीट घेतलं. गल्ल्यात पैसे टाकले,
स्वतःच्याच दुकानात चोर ठरायला नको.
डोळे मिटले.
सदुसष्ट वर्षांचा माणूस, बाहेर बर्फ खरवडणारा ट्रक,
आणि छातीत हे असलं धडधडणं,
लाज वाटावी इतकं ताजं.

काही निघालं नाही.
पाच फुटकळ खेळाडू, एकाचं नाव तर
मला उच्चारताही येईना.
त्याच्याच झळझळीत चेहऱ्यावर माझा अंगठा उठला.
बाहीने पुसला.
थोडा राहिला.